चार टोपल्यांची शाळा

श्रीमती चंद्रप्रभा देवस्थळी यांची आणि माझी ओळख दिल्लीच्या द्वारका भागातील एका बसथांब्यावर झाली. माझा मुलगा श्रीरंग केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. नव्या सहकारी सोसायटीत त्याला सदनिका मिळाली तेव्हा मी गावाहून त्याच्याकडे राहावयास आले. त्या वेळी मला अक्षर येत नव्हते. बस आली की मी शेजारच्या माणसाला नंबर विचारीत असे. त्या दिवशी शेजारी बाई उभ्या होत्या. मी मोडक्या हिंदीत पहाडगंजची बस विचारली. माझे नऊवारी लुगडे पाहून त्यांनी मराठीत उत्तर दिले, "ही पहाडगंजला जाते. मीही तिकडेच निघाले आहे. चला, काकू."

बसमध्ये बसल्यावर त्यांनी विचारले, "नंबर वाचता येत नाही, की चष्मा विसरलात?"

चष्म्याची सबब मी सर्वांना सांगत असे. त्यांना मात्र मला ती सांगता आली नाही. मी म्हणाले, "वाचता येत नाही."

"मग उद्या दुपारी माझ्या शाळेत या. पाण्याच्या टाकीच्या मागे. तुमच्यासारख्या तिथे पुष्कळ आहेत. वर्ग हिंदीत चालतो, पण अक्षरं तीच. मराठी मी तुम्हाला वेगळी शिकवीन."

त्यांनी शब्द पाळला. आज मी हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे, त्यास त्या कारण आहेत. तथापि मला माझ्याविषयी लिहावयाचे नाही. बाईंवर जो प्रसंग आला तो मी जवळून पाहिला, आणि तो पाहणारी माणसे आता पांगली आहेत, म्हणून लिहीत आहे.

बाईंचा जन्म दिल्लीतलाच. वडील मंत्रालयात कारकून होते. पहाडगंजच्या जुन्या घरात त्या आपले थोरले बंधू भालचंद्र यांच्यासह राहत. त्यांनी लग्न केले नव्हते. सरकारी शाळांतून त्यांनी अनेक वर्षे शिकवले होते, आणि निवृत्ती जवळ आली असता ही शाळा स्वतः मागून घेतली होती. त्यांच्या बरोबरीच्या शिक्षिका म्हणत की चंद्रप्रभाला शिक्षा म्हणून तिकडे पाठवले. हे बाईंच्या कानावर आले तेव्हा त्या म्हणाल्या, "शिक्षाच आहे. पण माझी नव्हे, खात्याची."

ती शाळा सरकारी असली तरी नेहमीच्या पद्धतीची नव्हती. द्वारकेत तेव्हा सर्व सेक्टरांत इमारती चढत होत्या. त्या बांधणारी माणसे बुंदेलखंडातून, बिहारातून, राजस्थानातून येत आणि कामाच्या जागीच विटांचा आडोसा करून, वर पत्रा टाकून राहत. त्या वस्तीला सर्वजण कॅम्प म्हणत. एक सोसायटी पुरी झाली की कॅम्प उठून दुसरीकडे जाई, कधी गुडगावला, कधी पार नोएडाला. मोठ्या शाळेत दाखला एप्रिलमध्ये होई, आणि त्याला जन्माचा कागद लागे. या मुलांचा एप्रिल कुठे असेल ते त्यांच्या आईबापांनाही ठाऊक नसे. म्हणून सरकारने प्रयोगादाखल आमची पर्यायी शाळा काढली होती. पत्र्याच्या तीन खोल्या आणि एक पडवी, जेथे दुपारी आम्हा मोठ्या बायकांचा वर्ग भरे. तिचा मुख्य नियम एवढाच होता, की मूल ज्या दिवशी दारात येईल त्या दिवशी त्याचे नाव घालावयाचे.

तेथे इयत्ता नव्हत्या. मधल्या खोलीत वेताच्या चार टोपल्या ठेवलेल्या असत. पहिलीत अक्षरांची पाने, दुसरीत शब्दांची, तिसरीत वाक्यांची, आणि चौथीत गोष्टींची लहान पुस्तके. नवीन मुलाला टोपल्यांपुढे उभे करून बाई सांगत, "जे वाचता येईल ते उचल." त्याने ज्या टोपलीतून उचलले, त्या टोपलीपाशी त्याचे बसकर, म्हणजे बसावयाची लहान चटई, पडे. मिसरूड फुटलेला मुलगा आणि दात पडलेली मुलगी एकाच टोपलीपाशी बसत, आणि त्याचे कोणास हसू येत नसे. मूल पुढे गेले की बाई स्वतः वाकून त्याचे बसकर उचलीत व पुढच्या टोपलीपाशी नेऊन ठेवीत. तोंडाने त्या शाबासकी देत नसत. बसकर हललेले पाहून मुलांना जे वाटे ते मी पाहिले आहे.

मुलाचे वाचन ऐकण्यास शिक्षक न घेता बाहेरचे माणूस घ्यावे अशी बाईंची पद्धत होती. शिकवणाऱ्याला आपल्याच मुलाचे वाचन नेहमी बरे ऐकू येते, असे त्या म्हणत. मला वाचता येऊ लागल्यावर त्यांनी मला ऐकणारी नेमले. मुलाने विचारल्याशिवाय सांगावयाचे नाही, एवढेच मला बजावले होते. विमानतळ जवळ असल्यामुळे दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जाई आणि काहीच ऐकू येत नसे. तेव्हा मुलाने वाचत असलेल्या शब्दावर बोट ठेवून थांबावे, आणि आवाज ओसरल्यावर त्याच शब्दापासून पुढे जावे, असा आमच्या शाळेचा रिवाज होता. मुले बोलतानाही तसेच करीत. बोलता बोलता गप्प होत आणि जमिनीवर बोट टेकीत.

बाईंची जीभ तिखट होती. दर सोमवारी त्या कॅम्पात जाऊन मुकादमांशी भांडत. एका मुकादमाला त्यांनी हिंदीत जे सांगितले त्याचा अर्थ असा होता: "भिंतीला ओळंबा लावून बघता ना? मग पोरालाही एकदा माझ्याकडे लावून बघा." तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची दोन्ही मुले आली.

याप्रमाणे चालले असता खात्याची नवी योजना आली. प्रत्येक शाळेची प्रगती मोजावी असे ठरले. ऑगस्टमध्ये सर्व मुलांची चाचणी घ्यावयाची, फेब्रुवारीत पुन्हा घ्यावयाची, आणि दोन्ही सरासरींतील फरक म्हणजे त्या शाळेची सुधारणा. ज्या शाळेची सुधारणा लागोपाठ दोन वर्षे ठरलेल्या रेषेखाली राहील, ती जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करावयाची. आमच्या जवळची मोठी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे होती. तेथे जन्माचा कागद लागे, आणि कॅम्पातली आई आपले लहान मूल तो रस्ता ओलांडू देत नसे. म्हणून आमची शाळा विलीन होणे म्हणजे त्या मुलांची शाळा बंद होणे, हे सर्वांस स्पष्ट होते.

बाईंना प्रथम आनंद झाला. त्या म्हणाल्या, "मोजू द्या की. मी तर रोजच मोजते."

पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्याकडे चौथ्या टोपलीची मुले पुष्कळ होती. दिवाळीनंतर दोन मोठ्या सोसायट्या पुऱ्या झाल्या आणि त्यांचे कॅम्प उठले. धडाधड वाचणारी ती मुले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसून निघून गेली. जानेवारीत दुसरी माणसे आली आणि त्यांची मुले पहिल्या टोपलीपाशी बसली. फेब्रुवारीत चाचणी झाली, तेव्हा शाळेची सरासरी ऑगस्टपेक्षा खाली आलेली होती. कागदावरून असे दिसत होते की आमच्या शाळेत आल्याने मुले आलेले वाचनही विसरतात.

तपासणी अधिकारी सक्सेना म्हणून होते. माणूस सज्जन होता. त्यांचे व बाईंचे बोलणे माझ्यासमोर झाले. ते हिंदीत झाले, मी मराठीत देत आहे.

"साहेब, दवाखान्यातले बरे झालेले रोगी घरी जातात," बाई म्हणाल्या. "तुम्ही उरलेले मोजता आणि म्हणता, डॉक्टर वाईट."

"मॅडम, दवाखान्याचं खातं वेगळं आहे."

"मग असं करा. जे मूल ऑगस्टमध्ये होतं तेच फेब्रुवारीत मोजा. आणि जानेवारीत आलेलं मूल आलं त्या दिवशी कुठे होतं आणि आज कुठे आहे, ते पाहा. सगळं माझ्याकडे आहे."

"मला पटतं. पण शाळा म्हणजे हजेरीवरची सगळी मुलं. दुसरा रकानाच नाही."

"रकाना वाढवा."

"तो माझ्या हातात असता तर मी इथे धूळ खात कशाला आलो असतो?" सक्सेना साहेबांनी चहा संपवला आणि ते आवाज उतरवून म्हणाले, "पुढच्या वर्षी डिसेंबरनंतर दाखले देऊ नका. नियमात बसतं. बाकी शाळा तेच करतात. चाचणी झाली की पुन्हा घ्या."

बाईंनी त्यांना दारापर्यंत पोहोचवले. परत येऊन म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. सल्ला घाणेरडा आहे."

पुढचे वर्ष फार ओढाताणीत गेले. रेषेखाली दुसरे वर्ष गेले तर शाळा राहणार नव्हती. वीणा म्हणून एक तरुण शिक्षिका होती, मयूर विहारच्या मराठी कुटुंबातली. दिल्लीत वाढल्यामुळे तिच्या बोलण्यात हिंदी फार येई. नववर्षाच्या सुट्टीपूर्वी तिने विषय काढला.

"मॅडम, प्लीज, या वेळी सक्सेनाजींचं ऐका. सिर्फ दोन महिन्यांची बात आहे."

"वीणा, मराठीत बोल नाहीतर हिंदीत बोल. खिचडी घरी शिजव."

"अच्छा, मराठीत बोलते. दार उघडं ठेवायचं, असं तुम्ही म्हणता. शाळाच गेली तर दार कुठून आणणार?"

 बाई टोपलीतील पाने उगाच सारखी करीत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "परत कोणाला पाठवायचं नाही. आलेल्या मुलांना पडवीत बसू दे, काकूंच्या वर्गात. शिकू देत. नाव मात्र चाचणी झाल्यावर घालू."

मला तेव्हा हा मार्ग योग्य वाटला. वीणाला तर सुटल्यासारखे झाले. 

त्या जानेवारीत पडवीत जी मुले आली, त्यांत फुलवती नावाची मुलगी होती. आईबाप बुंदेलखंडाचे. मुलगी आठ-नऊ वर्षांची, कडेवर नेहमी धाकटा भाऊ. त्याला ती माझ्या मांडीवर ठेवी आणि वाचावयास बसे. थंडीत पडवीत वारा येई, म्हणून मी माझी शाल दोघींवर घेत असे. ती फार लवकर शिकली. दुसऱ्या टोपलीतील शब्द तिला येऊ लागले तेव्हा तिने मला विचारले, "दादी, माझं बसकर कधी हलणार?"

मी सांगितले, "तुझं बसकर अजून आत गेलेलं नाही. परीक्षा झाली की जाईल."

"माझी परीक्षा कधी?"

हे मी बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "तिला सांगा, लवकरच." आणि खिडकीकडे वळल्या.

चाचणीच्या आदल्या दिवशी बाईंनी पडवीतील सर्व मुलांना निरोप दिला की उद्या येऊ नका, सुट्टी आहे. मुले घरी गेली. परंतु कॅम्प शाळेसमोरच होता. दुसऱ्या दिवशी फुलवतीने आपल्या झोपडीतून पाहिले, की शाळेत मुले जात आहेत, पाहुणे आले आहेत, कागद वाटले जात आहेत. तिची अशी समजूत झाली की हीच ती परीक्षा, आणि आपण चुकून घरी राहिलो. तिने तोंड धुतले, केसांना तेल लावले, भावाला आईपाशी ठेवले आणि ती आली. पायऱ्या चढून ती मधल्या खोलीच्या दारात उभी राहिली. मी पडवीत होते. मी हात केला, पण तिचे लक्ष आत होते.

सक्सेना साहेब हजेरीवरची नावे वाचीत होते. त्यांच्याबरोबर या वेळी खात्याचे आणखी एक वरिष्ठ अधिकारी होते. त्या वरिष्ठांनी फुलवतीला पाहिले. त्यांनी विचारले, "ही बाहेर का उभी आहे? बेटी, तू याच शाळेची ना?"

 फुलवतीने बाईंकडे पाहिले. मग ते वरिष्ठही बाईंकडे वळले. "मॅडम, ही तुमच्या शाळेची मुलगी आहे?"

त्याच वेळी विमान आले. पत्रे थरथरू लागले. खोलीतील सर्व मुलांनी आपापल्या शब्दावर बोट ठेवले आणि ती थांबली. दारात फुलवतीनेही चौकटीवर बोट टेकले. बाई तिच्याकडे पाहत उभ्या होत्या. हो म्हणावे तर नाव न घातलेले मूल शाळेत असल्याचे उघड होणार, मग पडवीतली बाकीचीही निघणार, आणि वर्षभराची मोजणी खोटी ठरणार. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. विमान मोठे होते आणि सावकाश गेले. घाईत तोंडून निघाले असे पुढे कधी म्हणता येऊ नये, इतका वेळ त्यांना मिळाला होता.

आवाज ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "नाही. ही आमच्या शाळेची नाही."

फुलवतीने चौकटीवरून बोट काढले आणि ती पायऱ्या उतरून गेली. ती पळाली नाही. मुले पुढे वाचू लागली.

त्या वर्षी आमच्या शाळेची सुधारणा त्या भागात सर्वांत अधिक निघाली. खात्याकडून अभिनंदन आले. वीणाने पेढे आणले. बाईंनी हातात घेतलेला पेढा तसाच शिपाई विष्णू याला दिला. मग मला म्हणाल्या, "काकू, चला माझ्याबरोबर."

आम्ही कॅम्पात गेलो. फुलवतीची आई रामकली वाळू चाळीत होती. बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं नाव मी आज घातलं आहे. तिला पाठवा."

रामकलीने चाळणी थांबवली नाही. "ती येत नाही म्हणते, बहेनजी. साहेबांच्या समोर तुम्ही म्हणालात, आमची नाही. आता आमची म्हणता. पोर कोणतं खरं मानणार?"

"चूक माझी आहे. मी तिलाच सांगते."

"ती पाण्याला गेली आहे," रामकली म्हणाली. फुलवती पत्र्यामागे उभी होती. तिचे पाय आम्हाला दिसत होते. बाईंनी ते पाहिले आणि पत्र्याकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "फुलवती, तुझं बसकर दुसऱ्या टोपलीपाशी ठेवलं आहे." पाय हलले नाहीत. आम्ही परत आलो.

ते बसकर तेथे बरेच दिवस राहिले. मुले ते चुकवून चालत. होळीनंतर तो कॅम्प उठला. कोणी म्हणाले नोएडाला गेला, कोणी म्हणाले मानेसरला. बाईंनी दोन रविवार दोन्हीकडे फिरून शोध केला. त्यांना फुलवती सापडली नाही.

त्यानंतरच्या वर्षी डिसेंबर आला, जानेवारी आला, आणि बाईंनी दार उघडे ठेवले. जे मूल आले त्याचे नाव त्याच दिवशी घातले. वीणा रडकुंडीला आली. "मॅडम, तुम्ही एका मुलीसाठी एवढ्या मुलांची शाळा घालवता आहात."

"असेल तसं," बाई म्हणाल्या. "तू म्हणतेस ते खोटं आहे, असं मी म्हणत नाही. मला दुसऱ्यांदा ते करता येत नाही, एवढंच."

बाईंचे बरोबर की वीणाचे, हे मी पुष्कळ विचार करूनही ठरवू शकलेले नाही. दोघींनाही त्या मुलांचीच काळजी होती.

त्या वर्षी शाळेची सुधारणा रेषेखाली गेली. पुढच्या वर्षी सक्सेना साहेब स्वतःहून डिसेंबरमध्ये येऊन गेले. ते म्हणाले, "मॅडम, दाखले थांबवले तेव्हा जमलं होतं."

"हो," बाई म्हणाल्या, "जमलं होतं."

 जाताना त्यांनी बाईंना नमस्कार केला. असा नमस्कार अधिकारी मुख्याध्यापिकेला करीत नाहीत.

फेब्रुवारीत लागोपाठ दुसऱ्यांदा सुधारणा रेषेखाली गेली आणि विलीनीकरणाचा आदेश आला. मोठ्या शाळेत आमच्यापैकी फार थोडी मुले गेली. जी गेली त्यांतील बहुतेक उन्हाळ्यानंतर तेथे दिसली नाहीत. वीणाची बदली झाली. निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने बाईंनी खात्याच्या कचेरीत, खिडकी नसलेल्या खोलीत काढले. पुढे भालचंद्रराव वारले आणि बाई भाचीकडे नागपूरला गेल्या. तेथून त्यांची पत्रे येतात. मी ती स्वतः वाचते.

शाळेच्या शेवटच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. विष्णू कपाटे उचलून ट्रकमध्ये ठेवीत होता. टोपल्या कोणत्याही यादीत नव्हत्या, म्हणून त्या तशाच पडल्या होत्या. बाईंनी त्या एकात एक बसवल्या, पाने वर ठेवली, आणि मला विचारले, "काकू, तुमच्या सोसायटीच्या मागे नवीन काम निघालंय ना?"

"हो. कॅम्प पडलाय."

"तुमच्या इमारतीखाली, गाड्या लावतात तिथे, सावली असते?"

"दुपारी असते. गाड्या ऑफिसला गेलेल्या असतात."

"मग या टोपल्या तिथे घेऊन जा," बाई म्हणाल्या. "दुपारी थोडा वेळ बसा आणि जे येईल त्याचं वाचन ऐका. आणि सोसायटीच्या माणसांनी विचारलं की ही मुलं कोणाची, तर आमची आहेत म्हणून सांगा."